स्टिअरिंग जड झालं, डॅशबोर्डवर दिवा पेटला? फोर बाय फोर गाडीचा इशारा वेळीच ओळखा

सुट्टी लागली किंवा ईद जवळ आली की मुंबई-पुण्यातली आपली कुटुंबं गावच्या वाटेला लागतात. कुणाचं गाव महाडकडे, कुणाचं खेड-चिपळूणकडे. हमरस्ता सोडला की पुढचे चार-पाच किलोमीटर लाल मातीचे, चढ-उताराचे आणि पावसाळ्यानंतर खड्ड्यांचे. म्हणूनच अलीकडे बऱ्याच घरांसमोर थार, जिम्नी किंवा जुनी जिप्सी अशी फोर बाय फोर गाडी दिसते. आखातातून परतलेले भाऊ हौसेने नवी घेतात, काही जण सेकंडहँड घेतात. गाडी दणकट असते यात शंका नाही. पण दणकट गाडीच्या स्टिअरिंगला मारही जास्त बसतो, आणि त्याच गाडीत आपले आई-वडील, मुलंबाळं बसलेली असतात.

स्टिअरिंग एकाएकी दगा देतं असं क्वचितच होतं. आधी ते हाताला जड लागतं, थरथरतं, एका बाजूला ओढतं, आवाज करतं, नाहीतर डॅशबोर्डवर दिवा पेटतो. उर्दूत आपण ज्याला अलामत म्हणतो, तेच हे. अडचण अशी की आपल्याकडे दोन टोकं दिसतात. काही जण दिवा पेटला तरी "चालतंय ना" म्हणत महिनोन्‌महिने गाडी पळवतात. काही जण घाबरून पहिल्या गॅरेजमध्ये शिरतात आणि सांगतील तो महागडा पार्ट बदलून येतात. दोन्हीत नुकसान आपलंच.

आम्ही शिक्षक आहोत, मिस्त्री नाही. या लेखातून गाडी दुरुस्त करता येणार नाही. पण दिवा आणि हाताला जाणवणारं लक्षण या दोन गोष्टी एकत्र वाचल्या, तर एक मोठा निर्णय आपल्याला स्वतः घेता येतो: इथेच थांबायचं, हळूहळू गॅरेजपर्यंत जायचं, की घरी जाऊन निवांत तपासायचं.

आपली गाडी कोणत्या प्रकारची?

पॉवर स्टिअरिंग मुख्यतः दोन प्रकारचं असतं. पहिलं हायड्रॉलिक. यात इंजिनच्या बेल्टवर एक पंप फिरतो, तो तेलाला दाब देतो आणि त्या दाबाने चाकं वळवायला मदत होते. बोलेरो आणि २०२० साली आलेली थार या प्रकारातल्या. दुसरं इलेक्ट्रिक. यात तेल नसतं, एक मोटर आणि सेन्सर काम करतात. जिम्नी आणि थार रॉक्स या प्रकारातल्या.

हा फरक का महत्त्वाचा? हायड्रॉलिक गाडीत स्टिअरिंगसाठी बहुधा वेगळा दिवा नसतोच. तिथे तेलाचा डबा आणि बेल्टचा आवाज हेच आपले दिवे. इलेक्ट्रिकमध्ये मात्र स्टिअरिंगच्या चित्राशेजारी उद्गारचिन्ह असा दिवा असतो, आणि तिथे पहिला संशय बॅटरीवर घ्यायचा असतो.

दुसरा फरक पुढच्या ॲक्सलचा. जिप्सी आणि जिम्नीत दोन्ही पुढची चाकं एकाच अखंड ॲक्सलला जोडलेली असतात. २०२० च्या थारमध्ये पुढच्या प्रत्येक चाकाचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे. अखंड ॲक्सलच्या गाडीत थरथर जास्त जोरात होऊ शकते. त्याबद्दल पुढे सांगतो.

दिव्यांचा रंग आधी, नाव नंतर

चित्र कसलं आहे हे कळलं नाही तरी रंग कळतो. लाल म्हणजे सुरक्षित जागा बघून थांबा. पिवळा किंवा नारिंगी म्हणजे गाडी चालेल, पण कुठलीतरी यंत्रणा पूर्ण काम करत नाही, लवकर दाखवा. हिरवा आणि निळा म्हणजे फक्त माहिती, जसा हेडलाइटचा दिवा.

चावी 'ऑन' केली आणि इंजिन अजून सुरू केलं नाही, की बरेचसे दिवे एकदम पेटतात. इंजिन सुरू झालं की काही सेकंदांत विझतात. ही गाडीची रोजची हजेरी समजा. जो दिवा पेटतो आणि विझतच नाही, तो बिघाड दाखवतो. पण हजेरीत जो दिवा पेटतच नाही, तोही संशयास्पद. सेकंडहँड गाडी विकताना कधी कधी दिवाच काढून टाकलेला असतो, म्हणजे घेणाऱ्याला काही दिसू नये. गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन सुरू करायच्या आधी चावी अर्ध्यावर थांबवा आणि एअरबॅग, एबीएस, इंजिन, स्टिअरिंग हे सगळे दिवे पेटले का, ते मोजा.

दिव्यांची जोडी काय सांगते?

एकटा दिवा अर्धीच गोष्ट सांगतो. सोबत आणखी कोणता दिवा आहे आणि हाताला काय जाणवतंय, ते बघा.

बॅटरीचा लाल दिवा आणि हायड्रॉलिक स्टिअरिंग एकदम जड: इंजिनचा बेल्ट तुटला किंवा निसटला असण्याची दाट शक्यता. बऱ्याच इंजिनांत हाच बेल्ट अल्टरनेटर आणि पाण्याचा पंपही फिरवतो. म्हणजे थोड्याच वेळात इंजिन तापणार. "पुढच्या गावापर्यंत जाऊ" म्हणू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा.

स्टिअरिंगचा दिवा, पण गाडी बरेच दिवस उभी होती: इलेक्ट्रिक स्टिअरिंगला भरपूर करंट लागतो. बॅटरी कमजोर असेल तर कंप्युटर मदत कमी करतो आणि दिवा लावतो. आधी बॅटरीचे टर्मिनल घट्ट आहेत का, त्यावर पांढरी-हिरवी बुरशी चढली आहे का, ते बघा. चांगली भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५ च्या आसपास आकडा यायला हवा. कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन मीटर लावून हे दोन मिनिटांत सांगेल. स्टिअरिंग मोटर बदलायची भाषा त्यानंतर.

चिखलात अडकल्यावर स्टिअरिंग जड: उभ्या गाडीत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा फिरवलं की इलेक्ट्रिक मोटर तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी मदत कमी करते. थोडा वेळ स्टिअरिंग फिरवू नका, गार होऊ द्या. ताकद परत आली तर तो बिघाड नव्हता.

एबीएस आणि गाडी घसरल्याचं चित्र असलेला पिवळा दिवा, दोन्ही एकत्र: ओढा ओलांडून किंवा चिखलातून आल्यावर हे वरचेवर होतं. प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर असतो. त्यावर चिखल बसला किंवा त्याची वायर दगडाने ओढली गेली, की दोन्ही यंत्रणा रुसतात. चाकं आतल्या बाजूने पाण्याने स्वच्छ धुवा. तरी दिवा राहिला तर वायर तपासून घ्या. एकट्या पिवळ्या एबीएस दिव्यात साधा ब्रेक लागतो, फक्त जोरात दाबला तर चाकं लॉक होऊ शकतात. म्हणून वेग कमी, अंतर जास्त. पण सोबत ब्रेकचा लाल दिवाही पेटला आणि हँडब्रेक तर सोडलेला आहे, तर गाडी पुढे नेऊ नका.

एअरबॅगचा दिवा आणि हॉर्न बंद: दोन्ही एकाच वेळी झालं तर स्टिअरिंगच्या आत गुंडाळलेली एक चपटी वायर असते, ती तुटली असू शकते. मिस्त्री तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. इथे एअरबॅगचा संबंध येतो, त्यामुळे घरी स्टिअरिंग उघडायचा प्रयोग अजिबात नको.

दिवा नाही, पण हाताला जाणवतंय

गाडी एका बाजूला ओढते. आधी चारही टायरची हवा मोजा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. हवा बरोबर असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदलून बघा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. तिथेच राहिली तर अलाइनमेंट, नाहीतर एका चाकाचा ब्रेक चिकटलेला. ब्रेक चिकटला असेल तर थोडं चालवल्यावर त्या चाकाजवळ जास्त धग लागते. हात जवळ न्या, टेकवू नका.

ठरावीक वेगाला थरथर. साठ-सत्तरच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि वेग बदलला की थांबतं, तर बहुधा चाकाचं बॅलन्सिंग बिघडलंय. चिखलातून आलेल्या गाडीत रिमच्या आतल्या बाजूला वाळलेली माती चिकटलेली असते. पहिला इलाज पाण्याचा पाईप. फक्त ब्रेक दाबल्यावरच थरथर होत असेल तर ब्रेकच्या डिस्क दाखवा.

खड्डा लागला आणि स्टिअरिंग हातातून सुटेल इतकं हललं. अखंड ॲक्सलच्या गाड्यांत हे होतं. घाबरून जोरात ब्रेक मारू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा, वेग आपोआप उतरू द्या. नंतर टाय रॉडचे एंड, किंगपिनचे बेअरिंग, सस्पेन्शनचे बुश आणि टायर हे सगळं तपासून घ्या. काही ठिकाणी फक्त नवा स्टिअरिंग डॅम्पर लावून देतात. त्याने थरथर दबते, झिजलेला सांधा मात्र तसाच राहतो.

वळवताना चूंऽ चूंऽ किंवा घरघर. हायड्रॉलिक गाडीत चूंऽ असा आवाज सैल बेल्टचा असतो. घरघर आणि तेलाच्या डब्यात फेस म्हणजे तेल कमी आहे आणि हवा शिरली आहे. एक गोष्ट लक्षात ठेवा: स्टिअरिंगचं तेल खर्च होत नसतं. पातळी उतरली म्हणजे ते कुठेतरी गळतंय. फक्त वर ओतत राहू नका, गळती शोधा. कोणतं तेल ते झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. हाताशी आहे म्हणून ब्रेक ऑईल ओतलं तर सील खराब होतात. आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून टोकाला दाबून धरू नका, पंपावर ताण येतो.

स्टिअरिंगला प्ले जास्त. स्टिअरिंग थोडं हलवलं तरी चाक जागचं हलत नाही, त्याला मिस्त्री प्ले म्हणतात. एकाने आत बसून स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायचं आणि दुसऱ्याने पुढच्या बाजूने बघायचं, कुठला सांधा आधी नुसताच हलतो. गॅरेजमध्ये गाडी नीट उचलून चाक धरून हलवायला सांगा. चाक म्हणजे घड्याळ समजा. तीन आणि नऊवर धरून हललं तर संशय टाय रॉडवर, बारा आणि सहावर धरून हललं तर बॉल जॉइंट, किंगपिन किंवा चाकाच्या बेअरिंगवर. सांध्यावरचं रबर फाटलेलं असेल तर आत माती गेलीच समजा.

बिघाड नसलेला बिघाड

आमच्या शाळेतल्या एका पालकांच्या गाडीचं वळताना स्टिअरिंग अडायचं, टायर चिरकायचे, गाडी उड्या मारल्यासारखी चालायची. एका गॅरेजने थेट स्टिअरिंग बॉक्स बदलायला सांगितलं. नंतर एका बुजुर्ग मिस्त्रींनी डॅशबोर्डकडे नुसतं बघितलं आणि विचारलं, "चिखलातून आल्यावर लिव्हर टू एचवर आणला होता का?" आणलाच नव्हता. गाडी डांबरी रस्त्यावर फोर एचमध्ये फिरत होती.

थार, जिम्नी, जिप्सी या गाड्यांत फोर व्हील ड्राइव्ह गरजेपुरती वापरायची असते. वळताना पुढची आणि मागची चाकं सारखंच अंतर कापत नाहीत. माती, चिखल, वाळू असेल तर चाकं थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर घसरता येत नाही. मग ताण गिअर आणि शाफ्टमध्ये साठतो आणि आपल्याला वाटतं स्टिअरिंग बिघडलं. इलाज सोपा आहे. सरळ रस्त्यावर या, टू एच लावा. लिव्हर अडत असेल तर गाडी थोडी मागे-पुढे घ्या, ताण सुटतो. मात्र फोर एलमध्ये जाताना-येताना गाडी कशी आणि कुठल्या गिअरमध्ये ठेवायची, ते मॅन्युअलमध्ये वाचूनच करा. काही गाड्यांत फोर एल लावल्यावर घसरण रोखणारी यंत्रणा आपोआप बंद होऊन तिचा दिवा पेटतो. तोही बिघाड नाही.

टायर मोठे लावल्यावर किंवा गाडी उंच केल्यावर स्टिअरिंग जड झालं, तर तेही वेगळं कोडं नाही. जास्त वजन आणि बदललेला कोन सगळ्या सांध्यांवर येतो. कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं, हेही तरुण मुलांच्या कानावर घालायला हवं. अपघातानंतर विम्याचा दावा अडू शकतो, तो वेगळाच.

घाटात इंजिन बंद करू नका

आता सगळ्यात महत्त्वाचं. वरंध असो, आंबेनळी असो, उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणारे लोक अजून आहेत. इंजिन बंद झालं की स्टिअरिंगची मदत जाते. ब्रेकला मिळणारी मदत तर ब्रेक दोन-तीनदा दाबेपर्यंतच पुरते, मग पेडल दगडासारखं होतं. आणि चावी पूर्ण मागे फिरवून काढली तर स्टिअरिंग लॉक होतं. तेव्हा वळण समोर असतं आणि हातात काहीच नसतं. उतार ज्या गिअरमध्ये चढायचा, साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचा, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण आजही खरी आहे.

चालत्या गाडीत इंजिन स्वतःहून बंद पडलं तर? स्टिअरिंग मोडलेलं नसतं. चाकांशी त्याचा जोड कायम असतो, फक्त ताकद जास्त लागते. दोन्ही हातांनी जोर लावा, ब्रेक सोडून-सोडून न मारता एकदाच दाबून धरा, चावी काढू नका, कडेला घ्या. पार्किंगचे दिवे लावा, त्रिकोण मागे ठेवा आणि घरच्यांना उतरवून रस्त्यापासून दूर उभं करा. आपल्या घरातल्या गाडी चालवणाऱ्या मुली-सुनांनाही हे आधीच सांगून ठेवा. जड स्टिअरिंग पहिल्यांदा हाताला लागतं तेव्हा अनेकांना वाटतं की ते जामच झालं, आणि जोर लावायचं सोडून देतात.

दिवा पुसला म्हणजे बिघाड गेला नाही

डॅशबोर्डखाली ड्रायव्हरच्या बाजूला एक सॉकेट असतं. तिथे स्कॅनर लावला की गाडीने नोंदवलेला कोड मिळतो. कोडचं पहिलं अक्षर ओळख सांगतं. पी म्हणजे इंजिन-गिअर, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंग-सस्पेन्शन, बी म्हणजे बॉडी आणि एअरबॅग, यू म्हणजे कंप्युटरांचा आपसातला संपर्क. पी ०५६२ आला तर विजेचा दाब कमी. यू ०१३१ आला तर स्टिअरिंगच्या कंप्युटरशी संपर्क तुटलेला. मोबाईलला जोडायचे स्वस्त स्कॅनर बहुधा फक्त इंजिनचे कोड वाचतात. त्यात काही दिसलं नाही म्हणजे स्टिअरिंग ठीक आहे असं नाही.

कोड कुठल्या भागात शोधायचं ते सांगतो, कुठला पार्ट बदलायचा ते सांगत नाही. सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नसतं. वायर तुटलेली, पिन गंजलेली किंवा चिखल बसलेला असू शकतो. म्हणून आधी कोड लिहून घ्या किंवा फोटो काढा, मग वायर, मग पार्ट.

काही ठिकाणी बॅटरीची वायर काढून परत लावतात आणि दिवा विझला म्हणून गाडी देतात. प्रगतिपुस्तकातला लाल शेरा खोडरबराने पुसला म्हणून मूल पास होत नाही. बिघाड कायम असेल तर दिवा परत येतो, आणि मधल्या काळात तपासाचा पुरावा गेलेला असतो. उलट बॅटरी काढल्यावर काही गाड्यांत स्टिअरिंगची मधली जागा नव्याने शिकवावी लागते, नाहीतर नवाच दिवा पेटतो.

गावी निघण्याआधी दहा मिनिटं

टायरची हवा मोजा, स्टेपनीचीही. चावी ऑन करून दिव्यांची हजेरी घ्या. हायड्रॉलिक गाडीत सपाट जागेवर तेलाची पातळी बघा. रात्री उभ्या केलेल्या जागी सकाळी तेलाचा डाग आहे का, ते बघा. पुढच्या चाकांच्या आत वाकून रबर फाटलंय का, ते बघा. लिव्हर टू एचवर आहे याची खात्री करा. मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात गाडी सरळ जाते का आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप मध्यावर येतं का, तेही बघा.

गॅरेजमध्ये गेलात तर "स्टिअरिंग खराब आहे" एवढंच सांगू नका. कधी होतं, कुठल्या वेगाला, वळताना की सरळ, इंजिन गार असताना की तापल्यावर, कुठला दिवा, कुठला रंग, हे चार ओळींत लिहून न्या. चांगल्या मिस्त्रीचं निम्मं काम तिथेच होतं. बदललेला जुना पार्ट परत मागा आणि कुठे झिजला ते दाखवायला सांगा. प्रामाणिक कारागीर आनंदाने दाखवतो. आपल्या समाजातली कितीतरी मुलं याच धंद्यात आहेत. गिऱ्हाईक नेमके प्रश्न विचारू लागलं, तर नीट काम शिकलेल्या मुलांची कदरही वाढेल.